थांबलेला वेळ मोजत नाहीत

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ५.५०
आजपासून रोजनिशी. प्रत्येक मोठ्या धावपटूची असते म्हणे. चौदा डिसेंबरला मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर. वरचे एकशे पंचाण्णव लोक बोलताना सोडून देतात. मी देत नाही. वजनमाप खात्यात एकोणीस वर्षं निरीक्षक आहे, उगाच नाही.

माझा आजवरचा उत्तम वेळ पाच तास बारा मिनिटं चार सेकंद. तीन वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी पोट बिघडलेलं, बूट नवे, आणि पुढे एक जाडसा माणूस सारखा डावीकडून उजवीकडे जात होता. हे सगळं वजा केलं तर मी तेव्हाच पाच तासांच्या आत आलो होतो. आता फक्त कागदावर यायचं बाकी आहे.

निश्चय: रोज पाचला उठणे. साखर बंद. आणि कोणाला काही सांगायचं नाही, एकदम करून दाखवायचं.

आज उठायला पावणेसहा झाले, त्यात हे लिहिण्यात वेळ गेला. धावणं उद्यापासून.

२ सप्टेंबर, मंगळवार
सगळ्यांना सांगितलं. ऑफिसमध्ये आपोआप विषय निघाला (मीच काढला).

बायको म्हणाली, छान, पण आधी अण्णांचं काय ते ठरव. अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. उजवा गुडघा गेल्या महिन्यात बदललाय. डॉक्टरांनी सांगितलंय की रोज सकाळी वॉकर घेऊन चालायचं आणि शेजारी घरातलं एक माणूस पाहिजे. मी म्हटलं, सकाळचं माझ्याकडे. व्यायाम तो आणि व्यायाम हा. एका वेळेत दोन्ही होतील.

४ सप्टेंबर, गुरुवार
एका वेळेत दोन्ही होत नाहीत.

आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर बावीस मीटरचा. अण्णांना जाऊन यायला अकरा मिनिटं लागतात. मी त्यांच्याभोवती जॉगिंग करत फेऱ्या मारायचा प्रयोग केला. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दार उघडून बघितलं आणि परत लावलं. अण्णा म्हणाले, एकतर पुढे जा नाहीतर मागे राहा, माझ्या डोळ्यांपुढे गरगरतं.

अण्णा कारखान्यात टाइमकीपर होते. चौतीस वर्षं गेटवर बसून कोण किती वाजता आत आला ते लिहिलं. उशीर का झाला, याचा रकाना त्यांच्या रजिस्टरमध्ये नव्हता. लहानपणी मी उशिरा घरी आलो की कारण सांगायचो आणि ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. आता स्वतःच्या चालण्याचीही वही ठेवलीय. सुरू किती वाजता, संपलं किती वाजता, न बसता उभं किती मिनिटं राहता आलं. मध्ये दोनदा भिंतीला टेकले, ती तीन मिनिटंही त्यातच धरली. मी सुचवलं की टेकल्याचा वेळ वजा करा, आकडा बरा दिसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

७ सप्टेंबर, रविवार
धावण्याचं घड्याळ आणलं. थेट उपग्रहाशी बोलतं. कन्येनं चार मिनिटांत सगळं सेट करून दिलं. मध्ये विचारलं, ऑटो-पॉज चालू ठेवू का, म्हणजे तुम्ही थांबलात की घड्याळ पण थांबतं. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, मला धावणं मोजायचंय, थांबणं नाही. ती म्हणाली, बाबा, शर्यतीचं घड्याळ असं थांबत नाही. मी म्हटलं, शर्यतीत मी पण थांबणार नाही.

तिनं खांदे उडवले. सोळा वर्षांच्या मुलीशी तांत्रिक विषयावर किती बोलणार.

८ सप्टेंबर, सोमवार
पाच किलोमीटर. एकोणतीस मिनिटं दहा सेकंद. गेल्या दहा वर्षांत असा धावलो नव्हतो.

मध्ये एकदा नाडी बांधली, एकदा कुत्र्याला वाट दिली, एकदा बाकावर बसलो आणि एकदा पाणीपुरवठ्याची सूचना लावली होती ती वाचली. सहाला निघालो, सात पाचला घरी. बायकोनं विचारलं, पाच किलोमीटरला एक तास पाच मिनिटं? मी घड्याळ दाखवलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा उपग्रहाशी काही संबंध नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
बाजारात तपासणी. एका किराणावाल्याचा काटा रिकामाच चाळीस ग्रॅम दाखवत होता. त्याचं म्हणणं, साहेब, काटा मी बनवला नाही, जसा आला तसा वापरतो, तो दाखवेल तेच मी धरतो. गिऱ्हाइकांसमोर त्याला दहा मिनिटं सुनावलं. खोटं माप दाखवणारं यंत्र आणि ते बघून खूश होणारा माणूस, दोघांचा दोष सारखाच, असं मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं. काटा सील केला. दुरुस्त करून फेरतपासणीला आण म्हणून सांगितलं.

आज धावलो नाही. तीन तास बाजारात उभा होतो, ते पायांवर आलं.

२० सप्टेंबर, शनिवार
आमच्या रनिंग ग्रुपचे कोच म्हणतात की सकाळी साडेसहाच्या आतला वेळ धावपटूसाठी सोन्यासारखा असतो. (कोच व्यवसायाने दातांचे डॉक्टर आहेत.) अण्णांचा चालण्याचा वेळही नेमका तोच. बायकोला सांगितलं की डिसेंबरपर्यंत तूच बघ. ती म्हणाली, ठीक आहे. तिचं ठीक आहे दोन प्रकारचं असतं. हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

साखर पूर्ण बंद. बिस्किटांतली चालू आहे, कारण ती काढता येत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
ग्रुपबरोबर सोळा किलोमीटर. मला एक तास एक्केचाळीस मिनिटं लागली, कोचना एक तास अठ्ठावन्न. कोचना हे पटेना. म्हणाले, आपण एकत्र निघालो, मी तुमच्या आधी पोचून दोन केळी खाल्ली, मग तुम्ही माझ्यापेक्षा सतरा मिनिटं पुढे कसे. मी म्हटलं, आकडे बोलतात. चहाच्या टपरीवर मी थोडा जास्त थांबलो होतो खरा, पण थांबणं म्हणजे धावणं नव्हे. त्यांचं घड्याळ आमच्या खात्यात तपासून देईन असंही सांगितलं.

दातांच्या डॉक्टरला आकड्यांची सवय नसते. बत्तीसच्या पुढे जायची वेळच येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
लक्ष्य बदललं. पाच तास हे माझ्यासारख्यानं ठेवायचं लक्ष्यच नव्हे. चार पंचेचाळीस.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
अण्णांना व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाई आज फार खूश. अण्णा वॉकर न धरता, नुसता कठड्याला हात लावून नऊ मिनिटं उभे राहिले. रात्री जेवताना त्याचंच कौतुक. मीही सहज माझ्या अठरा किलोमीटरचा उल्लेख केला. मग कन्येनं विचारलं, थांबे धरून की सोडून? मी भाजी वाढून घेतली.

१९ ऑक्टोबर, रविवार
डाव्या पोटरीत काहीतरी आहे. विश्रांती.

२२ ऑक्टोबर, बुधवार
विश्रांती. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग असतो, हे लोकांना कळत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार
पोटरी दहा दिवसांपूर्वीच बरी झाली असावी. पण घाई नको.

२ नोव्हेंबर, रविवार
तीस किलोमीटर ठरवले होते. एकवीस केले. उरलेले नऊ शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले. परत येताना बस घेतली आणि घड्याळ बंद करायला विसरलो. घरी आलो तर घड्याळ थरथरून अभिनंदन करत होतं. वैयक्तिक विक्रम, सर्वांत वेगवान पाच किलोमीटर, नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

हा विक्रम मी मान्य केलेला नाही. पण एकदा झालेली नोंद खोडायची नसते, ही सरकारी सवय. आता ती माझ्या सरासरीत येते, त्याला मी काय करणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार
घड्याळानं स्वतःहून अंदाज दिला. मॅरेथॉनचा माझा संभाव्य वेळ चार तास बारा मिनिटं. मी शहाणा माणूस आहे, हुरळून गेलो नाही. अठरा मिनिटं सवलत धरून चार तीस ठेवलं. सगळ्यांना कळवलं.

९ नोव्हेंबर, रविवार
आज एक घडलं. अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, तू पोचतोस कुठे? शेवटची रेषा कुठे असते? मी म्हटलं, स्टेडियमच्या मुख्य गेटात. म्हणाले, मी येईन बघायला. ऑपरेशननंतर ते दवाखाना सोडून कुठेही गेलेले नाहीत. मग एकच प्रश्न, किती वाजता? मी हिशेब सांगितला. सहाला सुटतो, साडेचार तास, म्हणजे साडेदहा. त्यांनी वहीत लिहिलं, १०.३०. परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, आकड्यात चूक नाही.

फिजिओबाईंचं म्हणणं, अण्णा सलग अठरा मिनिटं उभे राहतात, त्याच्या पुढे ताण नको. बायको म्हणाली, घडीची खुर्ची नेऊ. मी म्हटलं, कशाला, दहा पंचवीसला कठड्याशी उभं राहायचं, साडेदहाला मी समोर. पाच मिनिटांचा प्रश्न. खुर्चीवर बसलं की पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

अण्णा मला बघायला कधीच कुठे आले नाहीत. सातवीत शाळेच्या शर्यतीत मी तिसरा आलो तेव्हा त्यांची पहिली पाळी होती. मी तिसरा आल्याचं संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी विचारलं, किती सेकंदात. मला माहीत नव्हतं. अण्णा आले पाहिजेत. हे घरात बोललो नाही, इथे लिहून ठेवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
कन्येच्या आग्रहाखातर ऑटो-पॉज बंद करून धावलो. दहा किलोमीटरला एक तास चौतीस मिनिटं. हे शक्यच नाही. घड्याळ बिघडलं होतं. पॉज परत चालू केला आणि बरोबर चालायला लागलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
उठलो. पुन्हा झोपलो.

३० नोव्हेंबर, रविवार
शर्यतीआधी दोन आठवडे अंतर कमी करत न्यायचं असतं, त्याला टेपरिंग म्हणतात. माझं अंतर मुळात इतकं संयमानं वाढवलेलं आहे की आणखी कमी करायला फारसं काही नाही. म्हणून पूर्णच थांबवलं.

अण्णा मात्र रोज कॉरिडॉरमध्ये. जाऊन यायला सहा मिनिटं. बायको सांगत होती की शेवटी दोन मिनिटं ते जिन्याच्या कठड्याला धरून नुसते उभे राहतात. तिनं विचारलं तर म्हणाले, सराव करतोय, तिथे उभं राहावं लागेल.

१३ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ७
सगळी तयारी झाली. छातीवरचा नंबर टी-शर्टला चार पिनांनी लावला. एक पिन मला लागली, तीही नीट लागली. बूट नवे, चिमटतात, पण दहा किलोमीटरनंतर सैल होतील. योजना: पहिला अर्धा भाग जोरात, दुसरा अर्धा भाग त्याहून जोरात.

बायकोनं पुन्हा खुर्चीचं विचारलं. मी थोडा आवाज चढवला. तुमचा कोणाचा माझ्यावर विश्वासच नाही, असं म्हणालो. अण्णा म्हणाले, साडेदहा म्हणालाय ना, मग साडेदहा. खुर्ची राहू दे.

१४ डिसेंबर, रविवार. पहाटे ४.४०
पोट साफ. आकाश साफ. मन साफ. आजचा दिवस माझा.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ६
पलंगावरून लिहितोय. क्रमाने लिहितो.

पहिले दहा किलोमीटर उत्तम. बूट सैल झाले नाहीत. कोच मागे पडले, त्यांना हात केला.

एकविसाव्या किलोमीटरला कोच पुढे गेले. त्यांनीही हात केला.

सव्वीसपासून रस्ता जड लागायला लागला. चढ नव्हता, पण उतारही नव्हता. इथे मी धोरण म्हणून थोडं चाललो. घड्याळ माझ्या बाजूनं होतं, आकडा पुढे सरकत नव्हता. चार तास तीस मिनिटं लिहिलेला फुगा घेऊन एक मुलगा पळतो, त्याच्याबरोबर राहिलं की तेवढ्या वेळात पोचता येतं. तो फुगा माझ्या शेजारून गेला. मी ठरवलं, हा मुलगा चुकलाय. पुढे पाच तासांचा फुगाही गेला. तोही चुकला असणार. मग दोन बाया गप्पा मारत गेल्या. त्या चालत होत्या. एकीच्या सुनेला नोकरी लागलीय.

छत्तिसाव्याच्या पुढे एक चौक आहे. तिथल्या टॉवरवरच्या घड्याळात दहा चाळीस झालेले. माझ्या घड्याळात तीन पंचावन्न. म्हणजे शर्यत सुरू होऊन चार तासही झाले नव्हते आणि टॉवर दहा चाळीस दाखवत होता. सार्वजनिक घड्याळांकडे कोणाचं लक्ष नसतं. संबंधित खात्याला कळवायचं मनात टिपून ठेवलं. वाटलं, अण्णा आत्ता कुठे घरून निघत असतील.

अडतिसाव्या किलोमीटरला फुटपाथवर बसलो. पाणी वाटणाऱ्या मुलीनं विचारलं, काका, अँब्युलन्स बोलवू का? मी म्हटलं, मी चार तीसवर आहे. तिनं तिच्या मोबाईलकडे बघितलं आणि मला आणखी एक बाटली दिली.

गेटाच्या शंभर मीटर अलीकडे मी पुन्हा धावायला लागलो. घड्याळ: चार तास एकोणतीस मिनिटं बावन्न सेकंद. मी हात वर केले. गेटावरच्या मोठ्या घड्याळात पाच सत्तेचाळीस. मला वाटलं, ते दुसऱ्या कसल्यातरी शर्यतीचं आहे.

मग अण्णा दिसले.

कठड्याशी उभे. एक हात कठड्यावर, दुसरा बायकोच्या खांद्यावर. मागच्या बाजूला बरीचशी गर्दी पांगली होती, खाली कागदी पेले पडले होते. अण्णांनी मला बघितलं, मनगटावर बघितलं, बायकोच्या खांद्यावरचा हात काढला आणि खिशातून पेन काढलं.

मी चाळिसाव्या किलोमीटरपासून कारणं तयार करत होतो. बूट, चढ, ऊन, फुगेवाला मुलगा. कोणी विचारलंच नाही.

बायकोनं गाडीत सगळं सांगितलं, खालच्या आवाजात. ते दहा चोवीसला कठड्याशी उभे राहिले. अकराला तिनं म्हटलं, चला, पायऱ्यांवर बसू. ते नाही म्हणाले. तो साडेदहा म्हणालाय, आत्ताच येईल, मी बसलो आणि तो निघून गेला तर. अकरा सातला ती पाण्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं शोधून घेऊन आली आणि त्यांना बसवलं. साडेअकराला ते परत उठले. लांबून येणारा प्रत्येक निळा टी-शर्ट त्यांना मी वाटत होता.

गुडघा सुजलाय. बर्फ लावलाय. त्यांच्या खोलीचं दार उघडं आहे, मी दोनदा तिथपर्यंत जाऊन आलो.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११
रजा. आयोजकांना पत्र लिहायला घेतलं. विषय: मार्गाचं अंतर कमी भरल्याबाबत. माझ्या घड्याळानुसार एकूण अंतर छत्तीस किलोमीटर दोनशे मीटर. म्हणजे मार्ग सुमारे सहा किलोमीटर कमी आखलेला आहे, आणि वजनमाप खात्याचा निरीक्षक या नात्यानं मी हे गांभीर्यानं घेतो, वगैरे. सव्वा पान झालं.

कन्येनं वाचलं. शेजारी बसली आणि समजावून सांगितलं. ऑटो-पॉजमध्ये माणूस फार हळू चालला तर घड्याळाला तो थांबलाय असंच वाटतं. वेळ पण थांबतो आणि अंतर पण. मी म्हटलं, म्हणजे शेवटचे सहा किलोमीटर मी जीव तोडून चाललो ते? ती म्हणाली, घड्याळाच्या हिशेबानं तुम्ही उभे होता, बाबा. मग म्हणाली, खरे उभे आजोबा होते.

पत्र फाडलं.

१५ डिसेंबर. दुपारी ४
फिजिओबाई येऊन गेल्या. आधी सगळ्यांना झापलं, म्हणजे बघत माझ्याकडे होत्या. सूज दोन दिवसांत उतरेल म्हणाल्या. मग विचारलं, उभे किती राहिलात? अण्णांनी वही पुढे केली. दहा चोवीस ते अकरा सात. त्रेचाळीस मिनिटं. आधीचं अठरा. बाईंनी त्यांच्या तक्त्यावर त्रेचाळीस लिहून त्याला दोनदा गोल केला. असं पुन्हा करायचं नाही म्हणाल्या, आणि जाताना अण्णांशी हात मिळवून गेल्या.

वैयक्तिक विक्रम. ज्याच्यासाठी मी साडेतीन महिने साखर सोडली होती (बिस्किटं सोडून), तो घरात आला. फक्त, तो माझ्या नावावर नाही.

वहीत त्याच्याच वरची ओळ मी वाचली. चिरंजीव, अपेक्षित १०.३०, आले ११.४७. शेजारची जागा कोरी. अण्णांनी विचारलं, तुझा मागचा वेळ काय होता? सांगितला. त्यांनी वजाबाकी केली. पस्तीस मिनिटं सत्तावीस सेकंद जास्त. मी म्हटलं, अण्णा, चुकलं माझं, तुम्हाला उगाच उभं केलं. ते म्हणाले, उगाच कशाला, आलास ना. आणि मला बर्फाची पिशवी बदलून आणायला सांगितली.

१६ डिसेंबर, मंगळवार
जिना उतरता येत नाही. उलटा, कठडा धरून, चार पायऱ्यांनंतर विश्रांती असा उतरलो. खालून येणाऱ्या माणसानं विचारलं, काही शोधताय का?

ऑफिसात तो किराणावाला काटा घेऊन फेरतपासणीला आला. काटा आता बरोबर शून्य दाखवतो. तो म्हणाला, साहेब, त्या चाळीस ग्रॅमची इतकी सवय झाली होती की आता खरं वजन कमीच वाटतं. मी शिक्का मारून दिला.

संध्याकाळी कन्येला सांगितलं, पॉज काढून टाक. तिनं दोन सेकंदांत काढला.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ७.३०
सूज उतरली. पाचला उठलो, कोणी उठवायच्या आत. बायकोला म्हटलं, तू झोप, आजपासून सकाळचं माझ्याकडे. ती म्हणाली, ठीक आहे. पहिल्या प्रकारचं.

अण्णांना आज पहिल्यांदाच रस्त्यावर चालायचं होतं. गेटापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत. दोनशे दहा मीटर, खात्याच्या टेपनं काल मोजून ठेवले. सहा चाळीसला निघालो. ते वॉकर घेऊन, मी कंपाउंडची भिंत धरून. ते वाटेत दोनदा थांबले, मी तीनदा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेजारी घरातलं एक माणूस पाहिजे. मी होतो, पण थोडा मागे.

खांबापाशी पोचलो तेव्हा अण्णा वही उघडून उभेच होते. त्यांना सोळा मिनिटं दहा सेकंद. मला सोळा मिनिटं पन्नास, थांबे धरून. मी म्हटलं, अण्णा, मांड्या अजून भरलेल्या आहेत, शिवाय त्या भिंतीला मध्येच एक…

त्यांनी पेनाला टोपण लावलं.